विचारा की! : कोऱ्या डिस्कचा डबा घेण्याआधी

गेल्या अंकात जाता जाता दोन ओळी लिहिल्या होत्या, की सोनीने फेब्रुवारी 2025 मध्ये रेकॉर्डेबल ब्लू-रे डिस्क बनवणं बंद केलं आणि पॅनासॉनिकने त्याच्या दोन वर्षं आधीच हात काढून घेतला होता. मला वाटलं, आता सीड्यांचं कुणाला काय पडलंय? पण टेबलावर पत्रांचा ढीग लागला. घरोघरच्या कपाटांत, शोकेसच्या खालच्या कप्प्यांत लग्नं, बारशी, साखरपुडे अजून पडून आहेत, आणि ती कुठे ठेवायची हा प्रश्न मिटलेला नाही. तेव्हा हा अख्खा अंक डिस्कचा. पंचवीसेक वर्षं सांगलीत हरभट रोडला शूटिंग-मिक्सिंगचं दुकान चालवते आहे. व्हीएचएस कॅसेटपासून पेनड्राइव्हपर्यंत सगळं या हातांखालून गेलंय, तेव्हा सांगते ते बरंचसं स्वतः चटके खाऊन.

विट्याहून एक निवृत्त शिक्षक लिहितात: मुलाचं लग्न 2004 साली झालं. त्याच्या तीन व्हीसीडी आणि नातीच्या बारशाची एक डीव्हीडी आहे. नातीला हे सगळं नव्या डिस्कवर करून द्यायचं आहे. ओळखीच्या दुकानदाराकडे बरेच जुने कोरे डबे पडून आहेत, निम्म्या किमतीत देतो म्हणतो. सीडी-आर आहे, डीव्हीडी मायनस आर, प्लस आर आणि आरडब्ल्यू आहे. कुठला घेऊ?

सर, ते डबे आधी दुकानातच राहू द्या. सीडी-आर आणि डीव्हीडी-आरच्या पोटात सेंद्रिय रंगाचा एक पातळ थर असतो. लेझर तो थर जाळत जातो आणि तेच आपलं लिखाण. हा रंग डिस्क कोरी असतानाही म्हातारा होत असतो. अमेरिकेच्या मानक संस्थेने 2003 साली ग्रंथालयांसाठी एक मार्गदर्शिका काढली. तिच्यात कोऱ्या डिस्कचं आयुष्य पाच ते दहा वर्षं धरलंय. तुमच्या दुकानदाराचा माल त्याहून जुना असणार. शिवाय दुकानाच्या काचेच्या कपाटात उन्हात ठेवलेला असला तर विचारूच नका.

आता प्रकार. आरडब्ल्यू आधी बाजूला काढा. ती पुसून पुन्हा लिहिता येते, साधारण हजार वेळा म्हणतात, पण जी पुसता येते ती जपायच्या कामाची नाही. सीडी-आरवर 700 एमबी मावतात, म्हणजे तुम्हाला पुन्हा तीन डिस्क सांभाळायच्या. राहिल्या मायनस आर आणि प्लस आर. मायनस आर 1997 ची, पायोनिअरने आणलेली. प्लस आर 2002 ची, दुसऱ्या गटाची. तेव्हा आम्हा दुकानदारांच्या डोक्याला हा भारी ताप होता. गिऱ्हाइकाच्या जुन्या प्लेअरवर प्लस आर चालली नाही की डिस्क परत यायची, म्हणून आम्ही लग्नांना मायनसच द्यायचो. आजच्या कुठल्याही रायटरला आणि प्लेअरला दोन्ही सारख्याच. ताजी मिळेल ती घ्या.

डब्यावर 4.7 जीबी छापलेलं असतं आणि कॉम्प्युटर 4.38 दाखवतो. यात कुणी फसवलेलं नाही. कंपनी हजाराने मोजते आणि कॉम्प्युटर 1024 ने. तरी काठोकाठ भरू नका. डिस्क आतून बाहेर लिहिली जाते आणि चुका जास्त सापडतात त्या कडेला, जिथे आपली बोटंही लागतात. मी सव्वाचार जीबीला थांबते. तुमच्या तीन व्हीसीडी मिळून अडीच जीबीच्या आत बसतील, त्या एका डिस्कवर घ्या आणि बारशाची डीव्हीडी दुसरीवर.

एक मात्र करू नका. कुणी 'व्हीसीडीची क्वालिटी वाढवून देतो' म्हणालं तर हात जोडा. व्हीसीडीचं चित्र 352 गुणिले 288 ठिपक्यांचं. ते नंतर कितीही ताणलं तरी त्यात नवरीच्या शालूची जर परत येत नाही, उलट पुन्हा दाबल्याने आहे तेही धूसर होतं. व्हीसीडीतल्या एमपीईजीएव्ही फोल्डरमधल्या डॅट फाइल्स आहेत तशा उचला. व्हीएलसी प्लेअर त्या सरळ चालवतो. डीव्हीडीतला व्हिडिओ_टीएस फोल्डरही अख्खाच्या अख्खा घ्या, आतल्या फाइल्स निवडत बसू नका.

आणि डब्यावरच्या नावावर जाऊ नका. हे मला कळायला फार वर्षं लागली. एकाच नावाच्या, एकाच रंगाच्या दोन डब्यांत दोन वेगळ्या कारखान्यांचा माल मी पाहिलाय. एक काळ असा होता की नोएडाची मोझर बेअर जगातल्या सगळ्यात मोठ्या डिस्क उत्पादकांत गणली जायची, आणि परदेशी नावांच्या डब्यांतही तिचा माल असायचा. याच कंपनीने 2007 साली सिनेमाची व्हीसीडी 28 रुपयांना आणि डीव्हीडी 34 रुपयांना काढली, तेव्हा आमच्या गल्लीतल्या लायब्ररीवाल्यांनी डोक्याला हात लावला होता. 2018 मध्ये ती कंपनीच दिवाळखोरीत निघाली. जपानच्या तायो युदेनने 2015 अखेर डिस्क सोडल्या. व्हर्बेटिम हे नाव मित्सुबिशी केमिकलकडून तैवानच्या सीएमसीकडे गेलं. म्हणजे नाव तेच, घर दुसरं. खरा कारखाना कळायचा तर इमगबर्न हे फुकटचं सॉफ्टवेअर उघडा आणि कोरी डिस्क आत घाला. उजवीकडे मीडिया आयडी दिसतो, तो डिस्कवर कारखान्यातच कोरलेला असतो. मी नव्या डब्यातली पहिली डिस्क नेहमी अशी बघते. आयडी ओळखीचा नसला तर त्या डब्यावर फक्त गाडीत वाजवायची गाणी.

लिहिताना 16 एक्सच्या डिस्कला 8 एक्स द्या (एक्स म्हणजे लिहिण्याचा वेग). आठ-दहा मिनिटं लागतील, तेवढ्यात चहा होतो. पण अगदी 2 एक्सवर घसरू नका. वेगवान डिस्कचा रंग वेगवान लेझरसाठीच बनवलेला असतो, फार हळू लिहिल्याने ती जास्त टिकते हा गैरसमज आहे. शेवटी 'व्हेरिफाय'वर, म्हणजे लिहिलेलं पुन्हा वाचून तपासण्यावर, टिचकी हवीच. त्याला तेवढाच वेळ पुन्हा लागतो म्हणून सगळे तो काढून टाकतात. मीही काढायचे, लग्नसराईत दिवसाला चाळीस डिस्क जायच्या तेव्हा. त्यातली एक गेली जयसिंगपूरला, रिकामी. नवरीच्या वडिलांचा फोन आला तो आवाज अजून कानात आहे.

तासगावहून एक तरुण फोटोग्राफर: ताई, एका लग्नाचं फोर-के फूटेज 300 जीबीच्या पुढे जातं. सगळं ब्लू-रेवर ठेवावं का? पार्टीला ब्लू-रे दिली तर भारी वाटेल ना?

दादा, वाटेल, पण ती घालायची कशात? त्यांच्या घरी ब्लू-रे प्लेअर नसणार आणि लॅपटॉपला तर ड्राइव्हच नाही. पार्टीला पेनड्राइव्ह द्या.

साठवणीचा हिशोब कागदावर मांडा. साधी ब्लू-रे 25 जीबीची, म्हणजे एका लग्नाला डझनभराहून जास्त. 4 एक्सवर एक डिस्क लिहायला वीस मिनिटांच्या वर, आणि पडताळणी वेगळी. तुळशीचं लग्न झाल्यावर पंधरा दिवसांत तुम्ही सहा लग्नं करणार. झोपणार कधी? 50, 100 आणि 128 जीबीच्याही डिस्क येतात, पण शेवटच्या दोन लिहायला बीडीएक्सएल चालणारा रायटर लागतो आणि त्या खराब झाल्या की एकदम शंभर जीबी जातात. कच्चं फूटेज दोन हार्डडिस्कवर ठेवा, एक दुकानात आणि एक घरी. ब्लू-रेवर फक्त पक्की फिल्म आणि निवडक फोटो. तासाभराची फिल्म 25 एमबीपीएसने (सेकंदाला 25 मेगाबिट) काढली तर सव्वाअकरा जीबीची होते, म्हणजे एका डिस्कवर फोटोंसकट आरामात बसते. लिहिताना फाइल मांडायची यूडीएफ पद्धत निवडा, जुन्या पद्धतीत 4 जीबीवरची फाइल अडते.

डिस्क घेताना डब्यावर 'एलटीएच' अक्षरं दिसली तर ठेवून द्या. ब्लू-रेची नेहमीची डिस्क रंगाची नसते, तिच्यात अकार्बनी, म्हणजे धातूंसारखा, थर असतो आणि म्हणूनच ती डीव्हीडीइतकी उन्हाने खराब होत नाही. एलटीएच ही स्वस्तातली, पुन्हा सेंद्रिय रंगाची. दहा-वीस रुपये वाचवून आपण ब्लू-रेचा मुख्य फायदाच सोडतो.

आता तुम्ही म्हणाल, हार्डडिस्क आहेत तर ब्लू-रे कशाला? 2019 चा ऑगस्ट आठवा. आयर्विन पुलाजवळ कृष्णा 57 फुटांच्या वर गेली होती, धोक्याची पातळी 45 फूट. माझ्या दुकानात पाणी कमरेच्या वर. सहा हार्डडिस्क खालच्या फळीवर होत्या. त्यातल्या दोन पुण्याला पाठवून काही मिळालं, तेही त्यातल्या लग्नांपेक्षा महाग पडलं. पण प्लास्टिकच्या पाकिटांतल्या सीड्या-डीव्हीडी चिखलात लोळत होत्या, त्या मी आणि वहिनीने घंगाळात साध्या पाण्यात एकेक करून विसळल्या आणि भांड्यांच्या स्टँडमध्ये ताटल्यांसारख्या उभ्या लावून वाळवल्या. बहुतेक वाचल्या. गेल्या त्या दोन प्रकारच्या. एक, पाकिटाला चिकटून वाळलेल्या, कारण आम्ही त्यांच्यापर्यंत चार दिवस उशिरा पोचलो. दोन, ज्या सीड्यांवर मीच हौसेने नवरा-नवरीच्या फोटोचे कागदी स्टिकर लावले होते. कागद फुगला आणि निघताना वरचा थर घेऊन निघाला. पूर आला, व्हायरस शिरला किंवा घरातल्या पोराने चुकून डिलीट दाबलं, तरी एकदा लिहिलेल्या डिस्कवरचं पुसलं जात नाही. म्हणून ती तिसरी प्रत.

मिरजेहून एक तंतुवाद्य कारागीर: वडील सतारीचा भोपळा कसा निवडायचे, जवारी कशी काढायचे याचं शूटिंग 2002 ला एका पाहुण्याने करून सीडीवर दिलं होतं. आता ती सीडी लागत नाही. खालून स्वच्छ आहे, एकही ओरखडा नाही. मग अडचण काय?

दादा, खालून बघू नका, वरून बघा. सीडीत माहितीचा थर खाली नसतो, नावाच्या बाजूला असतो, नुसत्या लाखेच्या एका पापुद्र्याखाली. खालच्या बाजूला सव्वा मिलिमीटरच्या आसपास जाडीचं प्लास्टिक आहे, तिथला ओरखडा बऱ्याचदा खपून जातो. वरच्या बाजूला मात्र बॉलपेन दाबून नाव लिहिलं तरी थर फाटतो. मी स्वतः 2001 साली बॉलपेनने ठळक अक्षरांत तारखा घातलेल्या सीड्या आहेत. ट्यूबलाइटसमोर धरल्या की अक्षरांच्या जागी चांदण्यांसारखी भोकं दिसतात. तुमचीही अशी धरून बघा. मध्येच उजेड आरपार आला तर तेवढा भाग गेला, तो कुणीही आणून देणार नाही.

भोकं नसतील तर आशा आहे. आधी दोन-चार वेगवेगळ्या ड्राइव्हमध्ये घालून बघा. एका ड्राइव्हला न दिसणारी डिस्क दुसऱ्याला दिसते, आणि जुन्या डेस्कटॉपचे जाडजूड ड्राइव्ह या कामात पुष्कळदा लॅपटॉपच्या बारक्यांपेक्षा सरस निघतात. भंगारात टाकलेला कॉम्प्युटर असेल तर त्यातला ड्राइव्ह काढून ठेवा. डिस्क पुसायची तर मऊ सुती फडक्याने, मधून कडेकडे सरळ. गोल गोल पुसू नका, कारण माहितीही गोलच लिहिलेली असते आणि गोल चरा पडला की सलग एकाच ठिकाणची माहिती जाते. एखादा ड्राइव्ह अडखळत का होईना वाचत असेल तर फाइल कॉपी करत बसू नका, आयसोबस्टर किंवा डीडीरेस्क्यूने सगळ्या डिस्कची प्रतिमा, म्हणजे एका फाइलमधली हुबेहूब नक्कल, काढा. हे चिवट आहेत, वाचता येत नाही तिथे जागा सोडून पुढे जातात आणि मग पुन्हा मागे येऊन प्रयत्न करतात. रात्रभर लागू शकते. व्हिडिओत मध्ये मध्ये चौकोन दिसतील, पण वडिलांचे हात दिसतील.

टूथपेस्ट चोळायचा सल्ला कुणी देईलच. सीडीच्या खालच्या बाजूला हलका ओरखडा असेल तर त्याने कधी कधी जमतं, पण तुमची खोड वरची आहे, तिथे उपयोग शून्य. आणि ब्लू-रेला तर चुकूनही लावू नका. तिचा थर खालच्या पृष्ठभागापासून फक्त 0.1 मिलिमीटरवर असतो.

सापडलं तर दोन प्रती काढा आणि एक मला ऐकवायला आणा. जवारी काढताना ब्रिजवरची कानस कशी वाजते ते मला ऐकायचं आहे.

इचलकरंजीहून एक ताई: सोसायटीच्या भांडणात वकिलांनी सीसीटीव्हीचं फूटेज सीडीवर आणायला सांगितलं. पेनड्राइव्ह असताना सीडी का? कुठली घेऊ?

कारण जिच्यावर नंतर काही बदलता येत नाही अशी वस्तू सगळ्यांना सोयीची वाटते. म्हणूनच आरडब्ल्यू नेऊ नका. फूटेज लहान असेल तर सीडी-आर, नाहीतर डीव्हीडी-आर, आणि लिहून झाल्यावर डिस्क 'क्लोज' किंवा 'फायनलाइझ' करा, म्हणजे पुढे भर घालता येत नाही. डीव्हीआरमधून (कॅमेऱ्यांच्या रेकॉर्डरमधून) निघालेली फाइल एमपी4 वगैरे न करता मुळातलीच द्या. ती चालवणारा कंपनीचा प्लेअर सोबत त्याच डिस्कवर घाला, नाहीतर कोर्टात उघडायचीच नाही. नुसती डिस्क पुरत नाही. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 63 खाली प्रमाणपत्र लागतं (पूर्वी ते 65 ब होतं) आणि त्यात फाइलचा हॅश क्रमांक द्यावा लागतो. हा फाइलचा जणू अंगठा, आत काहीही बदललं की तोही बदलतो. तो डिस्क लिहिण्याआधी काढा, लिहिल्यावर डिस्कवरून पुन्हा काढा, दोन्ही जुळले पाहिजेत. पुढचं वकिलांना विचारा, मी मिक्सिंगवाली आहे.

पुण्याहून एक वाचक: एम-डिस्क हजार वर्षं टिकते म्हणे. खरं का?

हजार वर्षं कुणी बघितली आहेत? तापमान-दमटपणा वाढवून केलेल्या चाचण्यांवरून काढलेला तो अंदाज आहे. कल्पना मात्र चांगली आहे: रंगाऐवजी दगडासारखा अकार्बनी थर, त्यात लेझर खळगे पाडतो. अमेरिकेतल्या युटामधल्या मिलेनियाटा कंपनीने ती काढली. डिस्क हजार वर्षांची, कंपनी 2016 लाच बुडाली. नाव आणि माल आता दुसऱ्यांकडे आहे. डीव्हीडी आकाराची एम-डिस्क लिहायला तिचं चिन्ह असलेला, जोरकस लेझरचा रायटर लागतो. वाचायला कुठलाही चालतो. साध्या डीव्हीडीपुढे ती नक्कीच वरचढ. ब्लू-रेत साधी चांगली डिस्कच अकार्बनी असते, त्यामुळे तिथे जास्तीचे पैसे मी तरी मोजत नाही. तशीच मोलाची वस्तू असेल, घराण्याची वंशावळ, जमिनीचे जुने कागद, तर घ्या एक. पण मग तो वाचणारा ड्राइव्हही सोबत जपा.

थोडक्यात काही:

चिपळूणच्या काकूंना: डिस्कवर पांढरं जाळं दिसतं ती बुरशी. कोमट पाण्यात भांड्याच्या लिक्विडचा एक थेंब, हाताने हलकं धुऊन उभी वाळवा. ठेवताना कडक डबीत, पुस्तकासारखी उभी, आणि कोकणात बाहेरच्या भिंतीला लागून असलेल्या कपाटात नको.

कराडच्या विद्यार्थ्याला: लॅपटॉपला जोडायचा बाहेरचा रायटर सरळ लॅपटॉपच्या यूएसबीत लाव, हबमध्ये नको. त्याला लिहिताना वीज जास्त लागते आणि हबवर ती पुरत नाही, म्हणून तुझ्या डिस्क अर्ध्यातच फसतात. रायटर बिघडलेला नाही.

सांगलीवाडीच्या ताईंना: नाव लिहायला पाण्याच्या शाईचा मऊ टोकाचा मार्कर, आणि तोही मधल्या पारदर्शक गोलावर. स्टिकर नको. का ते वर तासगावच्या दादांना सांगितलंय.

बेळगावच्या ज्यांनी 2007 चा हँडीकॅम आणि त्याच्या छोट्या, 8 सेंटिमीटरच्या डिस्क पाठवू का विचारलंय त्यांना: डिस्क एकट्या पाठवू नका. शूटिंग झाल्यावर त्या कॅमेऱ्यातच फायनलाइझ कराव्या लागत, बरेच लोक ते विसरायचे. तशी डिस्क कॉम्प्युटरला कोरी दिसते आणि लोक ती फेकून देतात. कॅमेऱ्यासकट आणा, चार्जरही शोधा. बॅटरी गेली असेल तरी चालेल, तो चार्जरवर उठतो.